फूल की दोन पानं: गोव्याचा १९६७ चा कौल आणि एकाच मतदाराची दोन उत्तरं

सार्वमत म्हटलं की आपल्याकडे लगेच ब्रेक्झिटचं उदाहरण निघतं, फार तर स्वित्झर्लंडचं. पण प्रत्यक्ष लोकांनी ठरवायचं की लोकांनी निवडून दिलेल्यांनी, हे भांडण आपल्या शेजारी, आपल्याच भाषेत पूर्ण खेळून झालंय, आणि माझ्या मते ते ब्रेक्झिटपेक्षा जास्त शिकवणारं आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात झालेला जनमत कौल, तिकडे सगळे त्याला ओपिनियन पोलच म्हणतात. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला शाळेत हे जवळपास शिकवतच नाहीत, कारण सरळ आहे, आपण हरलो होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या गोष्टीत मुंबई येते, बेळगाव-कारवार येतं, आणि गोव्याचं पान हळूच उलटलं जातं.

मला यात एक गोष्ट कधीपासून खटकत होती. १९६३ मध्ये गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं म्हणणाऱ्या पक्षाला सत्ता दिली. जानेवारी १९६७ मध्ये त्याच गोव्याने विलीनीकरणाला नाही म्हटलं. आणि दोन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, परत त्याच विलीनीकरणवाल्या पक्षाला निवडून दिलं. आता या लोकांना काय हवं होतं? लोक गोंधळलेले होते म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला वाटतं लोक अजिबात गोंधळलेले नव्हते, त्यांना तीन वेळा वेगवेगळे प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी तिन्ही वेळा नीट उत्तर दिलं.

तर आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीजांची साडेचारशे वर्षांची सत्ता संपली. गोवा, दमण आणि दीव मिळून केंद्रशासित प्रदेश झाला. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन वर्षंही झालेली नव्हती, भाषावार राज्यांचं वारं अजून गरम होतं, त्यामुळे मुंबईतून बघणाऱ्याला गोवा म्हणजे राहून गेलेला मराठी तुकडाच वाटत होता. गोव्यातल्या हिंदू घरात देवाधर्माचं, नाटकाचं, वाचनाचं सगळं मराठीत, आणि बोलणं कोकणीत. मग कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर जे वाद झालेत ते आजही कुठेही सुरू करून बघा, संध्याकाळपर्यंत पुरतात.

पहिली निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये. एकीकडे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकरांचा. स्वतः खाणमालक, पण पक्ष बहुजन समाजाचा. दुसरीकडे डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोअन्स, लोकांच्या तोंडी युगो, गोवा वेगळाच राहिला पाहिजे म्हणणारा. काँग्रेसला वाटत होतं की गोवा आम्ही मुक्त केला तर मतं आम्हालाच, आणि तिला खुद्द गोव्यात एकही जागा मिळाली नाही, फक्त दमणने अब्रू राखली. मगो सगळ्यात मोठा पक्ष, युगोला १२ जागा, बांदोडकर मुख्यमंत्री.

इथून खरा पेच सुरू होतो.

बांदोडकरांचं म्हणणं काय चूक होतं?

जानेवारी १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधानसभेनेही आपला ठराव केला, आणि म्हैसूरच्या (म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या) विधानसभेने याच्या उलट केला, कारण सीमाभागाचं भांडण चालूच होतं आणि महाराष्ट्र अजून मोठा झालेला त्यांना नको होता. मगोचं म्हणणं एकदम सरळ होतं. आम्ही लपवून काही केलेलं नाही, पक्षाच्या नावातच महाराष्ट्रवादी आहे, त्याच मुद्द्यावर मतं मागितली, लोकांनी दिली, सभागृहाने ठराव केला, आता अजून कोणाला काय विचारायचं राहिलंय? प्रतिनिधिक लोकशाही म्हणजे हेच ना. दर वेळी निकाल आवडला नाही की परत लोकांकडे जाऊ म्हणायला लागलं तर निवडणूक घ्यायचीच कशाला.

आणि राज्यघटनाही मगोच्याच बाजूला झुकत होती, निदान या अर्थाने की घटनेत सार्वमत हा प्रकारच नाही. राज्याच्या सीमा बदलायच्या, राज्य जोडायचं, तोडायचं, हे कलम ३ प्रमाणे संसदेचं काम. संबंधित राज्याच्या विधानसभेचं मत मागवायचं, तेही संसदेवर बंधनकारक नाही. १९५६ ची राज्य पुनर्रचना अशीच झाली, मुंबई राज्य फोडून महाराष्ट्र आणि गुजरात असेच झाले. एकाही ठिकाणी लोकांना पेटीपाशी नेऊन कुठे जायचं असं विचारलेलं नाही. मग गोव्याचेच लाड का?

सिक्वेरांचं उत्तर मला जास्त खोल वाटतं. ते दोन पातळ्यांवर आहे, आणि लोक बहुतेक वेळा पहिलीच पातळी सांगतात. पहिली अशी की मगोला पडलेलं प्रत्येक मत विलीनीकरणाला पडलेलं मत नव्हे. ही गोष्ट खरीच होती. गोव्यातल्या खेड्यातलं राजकारण समजायला दोन शब्द पुरतात, भाटकार आणि मुंडकार. भाटकार म्हणजे जमीनमालक, मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणारा, जो कधीही उठवला जाऊ शकत होता. शिवाय शेती कसणारी कुळं वेगळी. पोर्तुगीज गेले तरी भाटकार तिथेच होता. मगो या माणसाला म्हणत होता की तुझी जमीन, तुझी पोरं शाळेत, आणि देवळात, पंचायतीत, कचेरीत तुझा मान. बांदोडकर सरकारने कूळ कायदा १९६४ मध्ये आणला, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. कसणाऱ्या माणसाने मगोला मत दिलं तेव्हा त्याच्या डोक्यात नकाशा होता की सातबारा, हे मतपेटी उघडून कळत नाही. बहुतेक दोन्ही होतं, कारण त्याला सांगितलं जात होतं की महाराष्ट्रात गेलो तरच जमीन मिळेल, तिकडे कूळ कायदे आहेत, इकडे भाटकारांचं राज्य परत येईल.

म्हणजे निवडणुकीतलं मत हे गाठोडं असतं. त्यात जमीन असते, जात असते, उमेदवाराचा चेहरा असतो, शाळा असते, आणि कुठेतरी तळाला विलीनीकरणही असतं. निवडून आलेला माणूस मग गाठोड्यातली त्याला हवी ती वस्तू काढतो आणि म्हणतो, बघा, लोकांनी मला हे दिलं.

सिक्वेरांची दुसरी पातळी याहून वेगळी आहे. समजा प्रत्येक मगो मतदाराला विलीनीकरण हवंच होतं, तरी पाच वर्षांसाठी कारभार करायला निवडलेल्या सभागृहाला ते सभागृहच कायमचं बंद करायचा अधिकार आहे का? घर सांभाळायला ठेवलेला माणूस रंग बदलू शकतो, भाडेकरू बदलू शकतो, पण घर विकायचं असेल तर मालकाला विचारायला लागतं. कर वाढवला तर पुढचं सरकार कमी करतं, शाळा मराठी केल्या तर पुढचा पक्ष कोकणी करू शकतो, पण एकदा महाराष्ट्रात गेल्यावर परत गोव्याची विधानसभा भरवणार कोण? हिशोब करून बघा. १९६१ च्या आसपास गोव्याची लोकसंख्या सहा लाखांच्या घरात, महाराष्ट्राची चार कोटींच्या जवळ. महाराष्ट्र विधानसभेत १९६७ ला २७० जागा होत्या, म्हणजे लोकसंख्येप्रमाणे गोव्याच्या वाट्याला चार, फार ओढून ताणून पाच. स्वतःच्या सभागृहात गोव्याच्या २८ जागा होत्या, वर दमण आणि दीवची एकेक. २८ चे चार झाल्यावर तो निर्णय फिरवायचा म्हटलं तर २७० च्या सभागृहात कोणाच्या बळावर फिरवणार. रोजच्या कारभारातली चूक दुरुस्त करायला पुढची निवडणूक असते, इथे ती सोयच उरत नव्हती, आणि म्हणून हा प्रश्न आमदारांच्या हातात नको, असं मला तरी पटतं. (बांदोडकरांबद्दल मला प्रचंड आदर आहे, हे इथे सांगून ठेवतो, नाहीतर गोव्याचे मित्र चिडतील. दोन्ही बाजूचे.)

प्रश्न कोणी लिहिला

आता दिल्ली. नेहरूंनी गोव्याचं वेगळेपण जपलं जाईल असं जाहीर सांगितलेलं होतं. ते १९६४ मध्ये गेले, मग शास्त्री, तेही जानेवारी १९६६ मध्ये गेले, आणि हे भिजत घोंगडं इंदिरा गांधींच्या पुढ्यात आलं. काँग्रेसची कोंडी अशी की महाराष्ट्र काँग्रेसला गोवा हवा, म्हैसूर काँग्रेसला तो महाराष्ट्राला मिळायला नको, आणि गोव्यातली काँग्रेस तर जवळपास संपलेली. त्या उरलेल्या काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर, अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकरांचे वडील, यांनी दिल्लीत खूप खटपट केली की लोकांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका. आणि समोर १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुका.

म्हणून केंद्राने लोकांना विचारायचं ठरवलं ते काही प्रत्यक्ष लोकशाहीवरचं प्रेम उफाळून आलं म्हणून नाही. कुठलाही निर्णय घेतला तरी स्वतःचीच माणसं दुखावणार होती, तर निर्णयच दुसऱ्यावर ढकलला. जगभरातली बरीच सार्वमतं अशीच जन्माला येतात, ब्रेक्झिटचंही मूळ हुजूर पक्षाच्या घरातल्या भांडणातच होतं. मला यात काही फार वाईट वाटत नाही खरं तर, कारण हेतू मळका असला म्हणून साधन वाईट ठरत नाही. पण प्रतिनिधी स्वतःहून लोकांकडे कधी जातात हे बघितलं की पुष्कळ गोष्टी कळतात.

डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी खास कायदा केला, गोवा, दमण आणि दीव जनमत कौल कायदा. नाव बघा, सार्वमत नाही, कौल. काश्मीरच्या बाबतीत सार्वमत या शब्दाने काय वादळ उठवलं होतं ते दिल्लीला माहीत होतं, तेव्हा हा शब्द जपून निवडला असणार असं माझं मत. आणि कौल या शब्दाला आपल्याकडे अजून एक छान अर्थ आहे, देवाला कौल लावतात तो. उजवा दिला की डावा. तिसरं काही देव देत नाही.

इथेही तिसरं काही नव्हतंच. गोव्यासाठी दोनच पर्याय. महाराष्ट्रात विलीन व्हायचं, चिन्ह फूल. केंद्रशासितच राहायचं, चिन्ह दोन पानं. स्वतंत्र घटक राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर आलाच नाही. गोव्याला आज जे आहे ते, म्हणजे स्वतःचं राज्य, ते १९६७ मध्ये कोणी मागूच शकत नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं. दमण-दीवला वेगळा प्रश्न होता, गुजरातमध्ये जायचं की नाही, आणि त्यांनी प्रचंड बहुमताने नको म्हटलं.

तेव्हा लोकांनी ठरवलं हे खरं असलं तरी लोकांनी कशातलं ठरवलं ते संसदेने ठरवलं होतं. प्रश्न लिहिणारा प्रतिनिधी, उत्तराचा अर्थ लावणारा प्रतिनिधी, मधला एक दिवस फक्त लोकांचा.

बाकी नियमांवरूनही मारामारी झाली. युगोची मागणी होती की मुंबईत आणि बाहेर राहणाऱ्या गोवेकरांनाही मत द्या, ती नाकारली गेली. विधानसभेची मतदार यादी तीच कौलाची यादी. आता हा प्रश्न सोपा नाहीये, कारण बोटीवर नाहीतर मुंबईत नोकरीला असलेला माणूस घर गोव्यात ठेवूनच गेलेला असतो, पण जो तिथे राहणार आणि निर्णय भोगणार त्यानेच ठरवावं यातही दम आहे. आणि गंमत म्हणजे या प्रकरणात ज्याला कोणीच विचारलं नाही तो महाराष्ट्राचा मतदार. विलीनीकरणाने राज्य त्याचंही बदलणार होतं. त्याच्या वतीने त्याची विधानसभा बोलली आणि ते सगळ्यांना चाललं.

दुसरी मागणी मात्र मान्य झाली, आणि माझ्या लेखी संपूर्ण प्रकरणातली ही सर्वात महत्त्वाची जागा. विलीनीकरणाच्या बाजूचंच सरकार खुर्चीवर असताना कौल निष्पक्ष कसा होईल, मामलेदार, तलाठी, मास्तर सगळे त्यांच्या हाताखाली, असा युगोचा आक्षेप होता. बांदोडकरांनी डिसेंबर १९६६ मध्ये मंत्रिमंडळासकट राजीनामा दिला आणि कारभार केंद्राकडे गेला. आज एखादा मुख्यमंत्री नुसत्या अशा आक्षेपावरून खुर्ची सोडेल का, याचं उत्तर तुमचं तुम्ही द्या.

महिनाभर

प्रचाराला वेळ होता जेमतेम महिनाभर, आणि तेवढ्यात गोवा ढवळून निघाला. बाहेरून बघणाऱ्याला हे हिंदू विरुद्ध ख्रिश्चन वाटलं, अजूनही बऱ्याच जणांना वाटतं. हिंदू म्हणजे मराठी म्हणजे फूल, ख्रिश्चन म्हणजे कोकणी म्हणजे दोन पानं. बरंचसं मतदान तसं झालंही असेल, पण हा हिशोब पूर्ण जुळत नाही. ख्रिश्चन तेव्हा लोकसंख्येच्या सुमारे ३८ टक्के होते. एकूण एक ख्रिश्चन मतदार दोन पानांवर गेला असं धरलं तरी दोन पानांना शेवटी पडलेले ५५ टक्के होत नाहीत. म्हणजे मोठ्या संख्येने हिंदूंनी विलीनीकरणाच्या विरोधात मत दिलं, आणि त्यात मगोला मत देणारेही असलेच पाहिजेत.

माणसं बघितली तरी तेच दिसतं. पीटर अल्वारिस हे ख्रिश्चन, समाजवादी, आणि विलीनीकरणाच्या बाजूचे, लोकसभेत गोव्याचे खासदार. उलट रवींद्र केळेकर, मनोहरराय सरदेसाई, उदय भेंब्रे हे सगळे हिंदू घरातले आणि विलीनीकरणाच्या विरोधातले. उल्हास बुयांव गावोगाव कोकणी गाणी गात फिरत होते. आणि माझा आवडता तपशील म्हणजे विलीनीकरणाविरुद्धची सगळ्यात धारदार तोफ मराठीतच धडाडत होती, मडगावहून निघणारं राष्ट्रमत हे दैनिक, संपादक चंद्रकांत केणी, आणि त्यात भेंब्रे यांचं ब्रह्मास्त्र हे सदर. समोर गोमन्तक विलीनीकरणाच्या बाजूने. म्हणजे मराठी राज्यात जायचं की नाही यावर दोन मराठी पेपर भांडताहेत, आणि नको म्हणणाऱ्यालाही नको हे मराठीतच पटवावं लागतंय, कारण ज्या हिंदू वाचकाचं मत फिरवायचं होतं तो वाचायचा मराठीतच.

राष्ट्रमतवाल्यांनी नेमकं केलं काय, तर गाठोडं सोडलं. मगोला मत द्या हो, भाऊसाहेब तुमचेच, पण हा प्रश्न मगोचा नाही, हा गोव्याचा आहे. महाराष्ट्रात गेलात तर भाऊसाहेब मुख्यमंत्री राहणार नाहीत, कारण खुर्चीच राहणार नाही. नोकऱ्यांना बाहेरून माणसं येतील, सचिवालय मुंबईत, कागद सही होऊन परत यायला किती दिवस लागतील बघा. महाराष्ट्रात दारूबंदी आहे, माडावर चढून माडी काढणाऱ्या रेंदेराने मग काय करायचं? हे मुद्दे काही फार उदात्त नाहीत, पण लोकशाहीत ज्या मुद्द्यांनी खरी मतं फिरतात ते बहुतेक असेच, पोटाला चिकटलेले असतात. फूलवाल्यांकडेही पोटाचा मुद्दा होता, जमिनीचा, आणि तो हलका नव्हता. कोणाकडे अक्कल होती आणि कोणाकडे नव्हती असं हे नव्हतंच.

आकडे

यादीत ३,८८,४३२ मतदार. मतदान केलं ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे जवळपास ८२ टक्के. बाद ७,२७२. फुलाला १,३८,१७०. दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. वैध मतांच्या ५५ टक्क्यांहून थोडे जास्त विरोधात. मोजणी तीन दिवस चालली.

या आकड्यांशी थोडं खेळून बघा, मजा येते. १७,०११ माणसांनी विचार बदलला असता तर आज म्हापसा, मडगाव महाराष्ट्राच्या नकाशात दिसले असते. दुसरं, दोन पानांना पडलेली मतं एकूण यादीच्या ४४ टक्के. म्हणजे मतदान करणाऱ्यांच्या ऐवजी यादीतल्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त पाहिजेत असा नियम असता तर कुठलीच बाजू जिंकली नसती. हा उगाच काढलेला फाटा नाहीये. स्कॉटलंडमध्ये १९७९ च्या सार्वमतात यादीतल्या किमान ४० टक्के मतदारांनी हो म्हटलं पाहिजे अशी अट होती, हो म्हणणारे ५१.६ टक्के आले आणि तरी प्रस्ताव पडला, कारण यादीच्या हिशोबात ते जेमतेम ३३ टक्के भरले. बहुमत कशाचं मोजायचं हेही लोक ठरवत नाहीत, ते आधीच कोणीतरी कायद्यात लिहून ठेवलेलं असतं.

समजा उलटं झालं असतं. फुलाला ५१ टक्के. तर तेवढ्यावर कायमचं विलीन करायचं का? मला वाटतं नाही, आणि ही गोष्ट त्या कायद्याने नीट पाहिली नाही. दोन्ही पर्यायांचं वजन सारखं नव्हतंच. राहू दे म्हटलं तर दहा वर्षांनी परत विचारता येतं, जाऊ म्हटलं तर विषय मिटला. ज्या उत्तराने दार कायमचं बंद होतं त्याला जरा जास्त मतं लागावीत, साधं बहुमत पुरू नये. पण मग मगोवाल्यांनी रास्त म्हटलं असतं की आमच्या माणसाचं मत तुमच्या माणसापेक्षा हलकं कसं? याला माझ्याकडे पूर्ण समाधानकारक उत्तर नाही, तरी मी अजून जास्त मतांच्याच बाजूला आहे.

एक गोष्ट मात्र त्या कायद्याला चांगली जमली. दोन्ही पर्याय लोकांना डोळ्याने दिसत होते. महाराष्ट्र होता, त्याचे कायदे होते, त्याचा मुख्यमंत्री होता. केंद्रशासित गोवाही होता, जवळपास पाच वर्षं चाललेला. कुठलंही उत्तर आलं तरी दुसऱ्या दिवशी काय करायचं ते ठरलेलं. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये ५१.९ टक्के लोक युरोपीय संघातून बाहेर पडू म्हणाले तेव्हा बाहेर म्हणजे नक्की कुठे हे कोणालाच माहीत नव्हतं, बाजारपेठेतून बाहेर की फक्त संघातून, आयर्लंडच्या सीमेचं काय. मग बहुसंख्य राहू म्हणणाऱ्या खासदारांनी लोकांच्या एका शब्दाचा अर्थ लावत पुढची तीन-साडेतीन वर्षं घालवली, मध्ये सुप्रीम कोर्टालाही सांगावं लागलं की सार्वमत झालं तरी संसदेचा कायदा लागेलच. गोव्यात ही वेळ आली नाही.

मार्चमध्ये परत मगो

कौल हरल्यावर बांदोडकर संपले असं ज्यांना वाटलं त्यांची दोन महिन्यांत पंचाईत झाली. विधानसभा निवडणुकीत मगोला १६ जागा, युगोला १२ च, अपक्ष २. बांदोडकर परत मुख्यमंत्री, आणि १२ ऑगस्ट १९७३ ला त्यांचं निधन होईपर्यंत तेच राहिले, पुढे त्यांची मुलगी शशिकला काकोडकर.

आता सुरुवातीचा प्रश्न परत बघा. ज्या मुंडकाराने जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारला आणि मार्चमध्ये मगोला, त्याचं वागणं अगदी सरळ आहे. कुठे राहायचं ते मी सांगितलं. कारभार कोणी करायचा तेही मी सांगितलं. भाऊसाहेबच हवेत, पण पणजीतच हवेत. निवडणुकीच्या एकाच पेटीत त्याला हे सांगायची सोय नव्हती. आणि सिक्वेरांच्या बाजूनेही बघा, या माणसाला आज ओपिनियन पोलचे जनक म्हणतात, लोकांकडे जाऊ म्हणाले आणि जिंकले, पण त्याच लोकांनी त्यांना राज्य करायला दिलं नाही. मुद्दा पटला, माणूस नको. लोकांना हे दोन्ही वेगळं करता येतं, आपल्या नेत्यांनीच ते एकत्र बांधून ठेवलेलं असतं.

बांदोडकरांकडे परत सभागृह होतं. ठराव परत करता आला असता, संसदेवर कौल कायद्याने बंधनकारक होता अशातलाही भाग नव्हता. तरी विलीनीकरण पुन्हा कधी जीव धरून उभं राहिलं नाही. ८२ टक्के लोक रांगेत उभं राहून बोलल्यावर त्याच्या विरोधात १६ आमदारांचा ठराव घेऊन दिल्लीला कुठल्या तोंडाने जाणार? कायद्यात नसलेलं बंधन लोकांच्या आकड्याने घातलं. १९६५ चा ठराव आणि १९६७ चा कौल यांच्यात कोण भारी, याचा निकाल कुठल्या कोर्टाने दिला नाही, तो मगोने स्वतःच गप्प राहून दिला.

याच महिन्यांत शेजारी अजून एक प्रयोग चालू होता. बेळगाव सीमाप्रश्नावर केंद्राने ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला, १९६७ मध्ये अहवाल आला. तिथे लोकांना पेटीपाशी नेलं नाही, एका निवृत्त सरन्यायाधीशांना विचारलं. तो वाद आज सुप्रीम कोर्टात आहे. कौल घेतला असता तर मिटलाच असता असं मी छातीठोक म्हणणार नाही, सीमाभागात गावागणिक चित्र बदलतं आणि कुठलं गाव एक घटक धरायचं इथेच भांडण सुरू झालं असतं. गोव्याला ती अडचण नव्हती, त्याची हद्द पोर्तुगीजांनीच आखून ठेवली होती.

मतपत्रिकेवर न आलेल्या गोष्टी मात्र कुठे गेल्या नव्हत्या. कोकणी की मराठी हा प्रश्न कौलाच्या पोटात होताच, पण तो कोणी सरळ विचारला नव्हता. तो पुढे वीस वर्षं धुमसला, १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं, आणि १९८६ मध्ये राजभाषेच्या आंदोलनात गोवा पेटला, माणसं मेली. फेब्रुवारी १९८७ मध्ये विधानसभेने राजभाषा कायदा केला आणि ३० मे १९८७ ला गोवा घटक राज्य झालं. या दोन्हीसाठी कौल घेतला नाही. कोणी मागितलाही नाही फारसा.

त्या राजभाषा कायद्याची रचना बघण्यासारखी आहे. देवनागरीतली कोकणी ही राजभाषा. आणि लगेच पुढे, सरकारी कामकाजासाठी मराठीचाही वापर करता येईल. कोकणीवाल्यांना राजभाषा हे नाव मिळालं, मराठीवाल्यांना वापर मिळाला, दोघेही थोडे नाराज राहिले. मतपत्रिकेवर हे कसं छापणार होतात? फूल आणि दोन पानं, दोन्हीवर शिक्का मारला तर मत बाद होतं.